तक्ता क्रमांक चार

पोळ्याच्या आदल्या आठवड्यातली दुपार. ग्रंथालयात पंखा सोडला तर काही हलत नव्हतं. बीए दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा काउंटरवर आला आणि पुस्तक न मागता त्यानं मोबाइल पुढं केला. "सर, हे पहा न. हे माह्या मायचं नाव आहे."

एका शोधनिबंधाची पीडीएफ होती. सातव्या पानावर तक्ता क्रमांक चार. रकाने असे: नाव, गाव, वय, जमीन, पतीच्या मृत्यूचा महिना व साल, कर्ज, अपत्ये, आत्महत्येचे कारण. साठ ओळी, म्हणजे साठ बाया. सतराव्या ओळीत याची आई. वय 41, साडेतीन एकर कोरडवाहू, जानेवारी 2018, सोसायटी व खासगी, दोन अपत्ये. शेवटच्या रकान्यात एकच शब्द: दारू.

पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी त्यानं आपल्या गावाचं नाव गूगलवर टाकलं होतं. त्या गावाबद्दल इंटरनेटवर आहेच किती? त्यामुळं हा निबंध वरच निघाला. माझ्याकडं येईपर्यंत तो गावातल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून आला होता.

मी लेखकांची नावं पाहिली. दुसरं नाव आमच्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमचं. या निबंधाची एक छापील प्रत आमच्या फाइलमध्येही होती. तिच्या पहिल्या पानावर "जर्नल यूजीसी-केअर यादीत असल्याची खात्री केली" अशी ओळ (यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, केअर ही त्यानं तेव्हा मान्य केलेल्या नियतकालिकांची यादी), आणि तिच्याखाली ग्रंथपाल म्हणून माझी सही व शिक्का. म्हणून हे प्रकरण मी लिहितो आहे. यवतमाळ जिल्हा एवढंच सांगतो. तालुका, गाव, महाविद्यालय सांगणार नाही. ओळ क्रमांकापासून वयापर्यंत ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईच्या तोंडचे शब्द तिला विचारून घेतले आहेत.

पेपर कसा निघाला

आमच्या भागात पेपर कोणी लिहीत नाही, पेपर काढतात. जसा सातबारा काढतात तसा.

मॅडम 2020 मध्ये पीएचडीला नोंदल्या. यूजीसीच्या 2016 च्या नियमावलीप्रमाणं प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध छापून आणणं त्यांना बंधनकारक होतं. ही सक्ती नोव्हेंबर 2022 च्या नव्या नियमावलीनं काढली, पण आधी नोंदलेल्यांना जुनाच नियम. विषय होता शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या स्त्रियांची उपजीविका. त्यासाठी त्या चार गावं फिरल्या. कधी एसटीनं, एसटी नसली की कोणाच्या तरी दुचाकीवर मागं बसून. साठ बायांशी बोलल्या. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया संध्याकाळीच सापडत, म्हणून मुलाखती रात्री चुलीपाशी झाल्या. प्रत्येकीचं एक पान, अशी दोनशे पानी वही. प्रत्येकीला त्यांनी सांगितलं होतं, "मावशी, तुमचं नाव कुठं येणार नाही." प्रबंधाच्या मसुद्यातही नावं नव्हती, 'उत्तरदाती क्रमांक 17' असंच होतं.

मग नावं आली कुठून? मार्गदर्शक सर दुसऱ्या महाविद्यालयातले. त्यांनी 'कच्ची माहिती पाठवा' म्हटलं, मॅडमनं एक्सेलची फाइल पाठवली. त्या फाइलमध्ये नावं होती, कारण ती स्वतःच्या कामासाठी ठेवलेली नोंद होती. सरांनी ती आपल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडं दिली: "यातून एक पेपर बांध." त्यानं बांधला. सरांचं नाव पहिलं, मॅडमचं दुसरं, बांधणाऱ्याचं तिसरं.

हा क्रम सहज पडत नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत भाषा व सामाजिक शास्त्रांतल्या एका शोधनिबंधाला दहा गुण आहेत. लेखक दोन असतील तर दोघांनाही सात-सात. दोनापेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला सात आणि बाकीच्यांना तीन-तीन. सरांची कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाइल त्याच वर्षी जायची होती. साठ मुलाखती घेणाऱ्या बाईच्या वाट्याला तीन गुण आले, आणि 1,800 रुपये छपाईचेही तिनंच भरले, तेही सहा महिने मानधन थकलेलं असताना.

लेखक कोणाला म्हणावं, याची सर्वांत जास्त वापरली जाणारी कसोटी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीची आहे. तिच्यात चार अटी आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात विचारपूर्वक दुरुस्ती, अंतिम प्रतीला मंजुरी, आणि सगळ्या मजकुराची जबाबदारी. चारही हव्यात. नुसतं मार्गदर्शन केलं म्हणून कोणी लेखक होत नाही. या कसोटीला लावलं तर आमच्या निबंधाला एकही लेखक उरत नाही. मॅडमनी काम केलं, पण मसुदा पाहिला नाही. तिसऱ्यानं मसुदा लिहिला, पण तो त्या गावांना कधी गेलेला नाही. सरांनी अंतिम प्रतीला मंजुरी दिली म्हणावं, तर नंतर आमच्या महाविद्यालयाच्या चौकशी समितीपुढं तेच म्हणाले की मी वाचला नव्हता. मुद्रितं तपासायला आलीच नाहीत. सोमवारी पैसे भरले, शनिवारी निबंध आणि प्रमाणपत्र हजर.

छापण्याआधी निबंध तपासणारा समीक्षक नावाचा माणूस या गोष्टीत कुठंच नाही. त्याला समाजशास्त्र फार येत नसतं तरी चाललं असतं. सातवं पान उघडून, "अहो, ही खरी नावं आहेत का?" एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

माझा शिक्का

माझ्या बाजूची हकीकत सांगण्याआधी थोडा इतिहास. यूजीसीनं 2017 मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची जी यादी काढली तिच्यात तीस हजारांवर नावं होती. मार्च 2018 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. विद्यापीठांच्या शिफारशीनं यादीत शिरलेल्या 1,009 नियतकालिकांची त्यांनी तपासणी केली होती, आणि त्यांतली 88 टक्क्यांवर कमी दर्जाची असावीत असा निष्कर्ष होता. कुणाचा पत्ता नाही, कुणाचा आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) चुकीचा, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांचे दाखले सरासरी किती दिले जातात तो आकडा) भलत्याच दुकानातून आणलेला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं यादीतून 4,305 नावं काढली, आणि 2019 मध्ये सगळी यादीच बदलून केअर यादी आणली. तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले.

यादी आली तशा तिच्या नकलाही आल्या. एखादं जुनं, छापील, स्वतःची वेबसाइट नसलेलं त्रैमासिक केअर यादीत असतं. कोणीतरी त्याच्या नावानं वेबसाइट थाटतं, तोच आयएसएसएन, तेच संपादक मंडळ टाकतं आणि यूपीआयवर पैसे घेतं. याला क्लोन म्हणतात. केअरच्या संकेतस्थळावर अशा जोड्यांची वेगळी यादी होती, खऱ्याचा पत्ता आणि नकलीचा पत्ता समोरासमोर.

मॅडम प्रत घेऊन आल्या तेव्हा मी केअर यादी उघडली, नाव जुळवलं, आयएसएसएनचे आठ आकडे जुळवले आणि शिक्का मारला. जुळणारच होते. क्लोन म्हणजेच ते. वेबसाइटचा पत्ता मी पाहिला नाही, क्लोनची यादी उघडली नाही. त्या दिवशी महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलींचा ढीग होता, हे कारण मी समितीपुढं दिलं, तेव्हा माझं मलाच ते कसंसं वाटलं.

आयएसएसएनबद्दल आमच्याकडं मोठा गैरसमज आहे. "आयएसएसएनवाला जर्नल" म्हटलं की माणसाचं समाधान होतं. तो निव्वळ नोंदणी क्रमांक आहे, भारतात दिल्लीतल्या राष्ट्रीय केंद्रातून मिळतो आणि दर्जाबद्दल काहीही सांगत नाही. गाडीच्या नंबरप्लेटवरून ब्रेक लागतात की नाही हे कळत नाही, तसंच.

समितीची बैठक

प्राचार्य, इतिहासाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक, शेजारच्या महाविद्यालयातले एक सर आणि मी असे चौघे बसलो. आरोपीच पंचांत, असं कोणी म्हटलं असतं तर मी उठलो असतो. कोणी म्हटलं नाही. टेबलावर यूजीसीचे 2018 चे वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे नियम होते. इतर मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शून्य पातळी, काही कारवाई नाही. दहा ते चाळीस पहिली पातळी, चाळीस ते साठ दुसरी, साठाच्या वर तिसरी. शिक्षकाला त्यानुसार निबंध मागं घेण्यापासून वेतनवाढ रोखण्यापर्यंत आणि काही वर्षं मार्गदर्शक होऊ न देण्यापर्यंत शिक्षा. आम्ही निबंध सॉफ्टवेअरमध्ये टाकला. साम्य आठ टक्के.

इतिहासाचे सर म्हणाले, "चोरीच नाही, तर मग गुन्हा काय लिहायचा?"

प्रश्न खरा होता. त्या निबंधातला सर्वांत अस्सल, कुठंच न सापडणारा भाग म्हणजे तक्ता क्रमांक चार. सॉफ्टवेअरच्या लेखी तीच त्याची गुणवत्ता. आमच्यासारख्या महाविद्यालयांत गेली काही वर्षं 'संशोधनाची नैतिकता' म्हणजे ही टक्केवारी, एवढाच अर्थ उरला आहे. माणसांवर काम करताना संमती कशी घ्यावी, नोंदी कोणाला द्याव्यात, याची समिती वैद्यकीय महाविद्यालयांत असते. आमच्याकडं नाही. आमच्याकडं साम्य मोजायचं यंत्र आहे.

मार्गदर्शक सर फोनवर होते. त्यांनी आधी शांतपणे सांगितलं की चूक विद्यार्थ्याची. मग थोडे चिडले. "अहो, हे पेपर वाचतं कोण? तुम्ही उगाच मोठं करून राहिले." शेजारच्या महाविद्यालयातले सर हळूच म्हणाले, "त्या पोरानं वाचला न."

मग नावं काळी केली तर प्रश्न मिटेल का, यावर बराच वेळ गेला. मी सतरावी ओळ नावाशिवाय मोठ्यानं वाचली: गाव अमुक, वय 41, साडेतीन एकर, जानेवारी 2018, दोन अपत्ये. त्या गावात जेमतेम दीडशे घरं. जानेवारी 2018 मध्ये तिथं एकच माणूस गेला होता. 'खासगी कर्ज' म्हटलं तर सावकारही तिथं एकच. मोठ्या शहराच्या अभ्यासात वय आणि व्यवसाय छापला तर कोणी ओळखत नाही. दीडशे घरांच्या गावात नाव काढूनही माणूस तसाच दिसतो. गाव काढावं लागतं, वय गटात टाकावं लागतं, महिना गाळावा लागतो. एवढं केलं की तक्त्यात फारसं काही उरत नाही, आणि न उरलेलंच बरं.

गावात

मॅडम आणि मी त्या मुलाच्या घरी गेलो. जाताना मला वाटत होतं की आपण नाव छापल्याबद्दल माफी मागायला चाललो आहोत. आईनं चहा ठेवला, मुलाला बाहेर पाठवलं आणि नावाबद्दल एक शब्दही काढला नाही.

"म्या तं असं सांगतलंच नाही बाप्पा," ती मॅडमकडं पाहून म्हणाली. "दारू पेत होते, नाही असं नाही. दारू तं अर्धं गाव पेते. पन दारूनं नाही गेले ते. कर्जानं गेले."

मॅडमनी पिशवीतून वही काढली. पान सतरा. त्यांच्याच अक्षरात, आईच्याच शब्दांत: सोसायटीचं थकलं, बोंडअळीनं कपाशी गेली, कृषी केंद्रवाला दारात येऊन बसे. 2017 च्या हंगामातली गुलाबी बोंडअळी या भागात कोणाला वेगळी सांगावी लागत नाही. पूर्ण पानावर दारू हा शब्द नव्हता.

परत आल्यावर आम्ही मॅडमची मूळ एक्सेल फाइल उघडली. तिच्यात 'कारण' हा रकानाच नव्हता. पेपर बांधणाऱ्यानं तो स्वतः जोडला होता आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्या व कोणाकडून मिळालेली एक सरकारी यादी पाहून भरला होता. जिथं काही मिळालं नाही, तिथं त्यानं अंदाजानं भरला. हे त्यानंच सांगितलं, अगदी साधेपणानं. रकाना रिकामा दिसला तर पेपर परत येईल असं त्याला वाटलं होतं. परत पाठवणारं तिथं कोणी नव्हतंच.

इथं प्रकरणाचं नावच बदललं. तोवर आम्ही गोपनीयतेचा भंग म्हणत होतो. आता बनावट माहिती होती, आणि तीही साठ बायांच्या तोंडी घातलेली. वरून त्या एका शब्दाला आमच्याकडं किंमत आहे. आत्महत्येच्या प्रकरणात कुटुंबाला सरकारची एक लाखाची मदत मिळायची तर ते जिल्हा समितीपुढं 'पात्र' ठरावं लागतं. बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं थकीत कर्ज आणि नापिकी हे दाखवता आलं पाहिजे. व्यसन किंवा घरगुती वाद लिहिलं गेलं की प्रकरण 'अपात्र'. या घराचं प्रकरण अपात्र ठरलेलं होतं. सहा वर्षांनी एक शोधनिबंध, प्राध्यापकांच्या नावानिशी, त्या निर्णयाला दुजोरा देत होता.

मागं घ्यायचा कसा

बनावट माहितीचा निबंध मागं घ्यावा, यावर प्रकाशनाच्या जगात दुमत नाही. 1997 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या 'कोप' या प्रकाशन-नीती समितीची त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत: कोण मागं घेतं आहे आणि का, हे उघड सांगायचं, ती सूचना सर्वांना मोफत वाचता यायला हवी, आणि मूळ निबंध सहसा काढून टाकायचा नाही, त्यावर 'मागे घेतला' असं ठळक लिहून तो तसाच ठेवायचा. विज्ञानाच्या नोंदवहीतलं पान फाडू नये, रेघ मारावी, हा विचार आहे, आणि एरवी तो मला पटतो. इथं त्या रेघेखाली साठ नावं वाचता आली असती. अशा वेळी, कोणाच्या हक्काला किंवा जिवाला धोका असेल तर, मजकूर काढून टाकायलाही जागा आहे. आम्ही तेच मागायचं ठरवलं.

मागायचं कोणाकडं? वेबसाइटवर 'कोप'चं बोधचिन्ह होतं, सदस्यांच्या यादीत नाव नव्हतं. पत्ता अर्धवट. दोन ईमेल परत आले. व्हॉट्सॲप क्रमांकावर उत्तर आलं: निबंध मागं घेण्याचं शुल्क 5,000 रुपये, आधी भरा. खऱ्या त्रैमासिकाचे संपादक फोनवर सापडले. वयस्क गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा लेख आम्ही छापलाच नाही, तर मागं काय घेऊ?" त्यांचंही बरोबर. म्हणजे निबंध कुठंच प्रकाशित नव्हता, आणि सगळीकडं वाचता येत होता.

पाच हजार भरावेत का, यावर मॅडम आणि माझं भांडण झालं. त्या म्हणत होत्या, भरून टाकू, त्या बायांचं नाव तरी निघेल. मी म्हणत होतो, भरले तर पुढच्यासाठी हा धंदाच होईल. आता मागं पाहताना मला माझा मुद्दा तत्त्वाचा कमी आणि माझ्या शिक्क्याची लाज झाकणारा जास्त वाटतो. भरले नाहीत. सायबर पोलिसांकडं तक्रार दिली, वेबसाइट ज्यांच्या सर्व्हरवर होती त्यांना आणि गूगलला लिहिलं. गूगलच्या निकालांतून पीडीएफ पाचेक आठवड्यांत निघाली. वेबसाइट पुढं काही महिन्यांनी आपोआपच बंद पडली, अशा वेबसाइटी पडतात तशी. व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत कोण काढणार?

मार्गदर्शक सरांनी तो निबंध आपल्या फाइलमधून काढून घेतला, दुसरा एक लावला. दुसरा कसा होता हे मी विचारलं नाही. मॅडमना प्रबंधासाठी नवा निबंध लागला. तो त्यांनी एकटीच्या नावानं, तक्त्याविना लिहिला आणि एका विद्यापीठाच्या नियतकालिकाला पाठवला. सात महिन्यांनी समीक्षकाची दोन पानं हरकती घेऊन आली. ती पानं त्यांनी मला आणून दाखवली, जणू बक्षीस मिळालं होतं.

उरल्या एकोणसाठ बाया. त्यांना सांगावं का? बहुतेकींना पत्ताही नव्हता; सांगणं म्हणजे आपणच बभ्रा करणं, असं प्राचार्यांचं मत. मॅडमनी ऐकलं नाही. एका रविवारी एक गाव, असं करत त्या गेल्या. काही जणींनी हसण्यावारी नेलं. दोघींनी दारातूनच परत पाठवलं. एकीनं विचारलं, "याचे पैसे भेटतात काय वं तुम्हाले?" मॅडमनी सांगितलं की उलट अठराशे द्यावे लागले. त्यावर ती बाई बराच वेळ काही बोलली नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीनं केअर यादी बंद केली. आता नियतकालिक पारखायचे निकष सुचवलेले आहेत आणि पारखायचं काम संस्थांवर सोडलं आहे. म्हणजे तो शिक्का अजून माझ्याच टेबलावर आहे. आता मी वेबसाइटचा पत्ता पाहतो, संपादक मंडळातल्या दोघांना ईमेल करतो. शिवाय निबंधातले तक्ते आधी उघडतो. यामुळं काही जणांचे पेपर माझ्याकडं अडकतात आणि त्यांचा माझ्यावर राग आहे.

मार्चमध्ये तो मुलगा पुन्हा आला. अपात्र ठरलेल्या मदतीच्या प्रकरणाच्या फेरचौकशीचा अर्ज करायचा होता, त्याला वहीचं सतरावं पान हवं होतं. ही गोपनीय संशोधन-सामग्री आहे, द्यावी का, असा प्रश्न मीच काढला. मॅडम म्हणाल्या, शब्द त्यांचे आहेत, त्यांनाच विचारा. दुसऱ्या दिवशी आई स्वतः आली, पान वाचून घेतलं, एक आकडा चुकला होता तो दुरुस्त करायला लावला आणि प्रतीखाली सही केली.

तहसीलमध्ये मी सोबत होतो. बाबूनं जोडलेले कागद मोजले, सहाव्यावर थांबला. "हा कायचा कागद?"

"माह्या मायचा जबाब आहे," पोरगा म्हणाला.